खंड्याचे विलायतगमन

परदेशी बिऱ्हाड हलवावयाचे ठरले म्हणजे घरातील प्रत्येक वस्तूचा निकाल लावावा लागतो. काय न्यावयाचे, काय ठेवावयाचे आणि काय वाटून टाकावयाचे, अशा तीन याद्या तयार होतात. पितळेची भांडी, पुस्तकांचे कपाट, मुलाचा जुना पाळणा यांची नावे कोणत्या ना कोणत्या यादीत घालताना मन हळवे होते, पण लेखणी अडत नाही. ती अडते घरातल्या मुक्या जिवापाशी. पिंजऱ्यातील पोपट किंवा अंगणातील मांजर शेजारी सांभाळतील. परंतु खांद्यापाशी सव्वादोन फूट उंच आणि सत्तावीस किलो वजनाचा, घरातल्या माणसांखेरीज कोणाच्या हातून न खाणारा कुत्रा असेल तर त्याचे काय करावे? २०२३ सालच्या उन्हाळ्यात यजमानांस लंडनजवळ चार वर्षांच्या कराराने काम मिळाले आणि हा प्रश्न आमच्या पुण्याच्या घरात येऊन उभा राहिला. अनेक कुटुंबांतील मुले-सुना आज परदेशी जात आहेत. त्यांच्या घरांत हाच प्रश्न आज ना उद्या निघेल, म्हणून आमची हकीकत येथे थोडी विस्ताराने देत आहे.

आमचा खंड्या मुधोळ जातीचा. मुधोळ हे गाव आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असले, तरी १९४८ पर्यंत ते घोरपडे घराण्याचे मराठी संस्थान होते. या जातीस कारवानी असेही म्हणतात. उंच, सडपातळ, पोट आत गेलेले, लांबट निमुळते तोंड, आणि वासापेक्षा नजरेवर विसंबून शिकार करण्याची सवय, ही तिची लक्षणे. संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, आणि पंचम जॉर्ज बादशहांस मुधोळ पिलांची एक जोडी नजर केली, असे सांगतात. २००५ साली आपल्या टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांतील एकावर मुधोळ आहे. एवढी कुलीन परंपरा असूनही आमच्या पिलाचे नाव मात्र सासूबाईंनी साधेच ठेवले. कुत्रा हा जेजुरीच्या खंडोबाचा सोबती, म्हणून हा खंड्या.

नाव ठेवले म्हणून त्यांनी त्यास कधी हात लावला, असे नाही. त्यांचे सोवळे कडक. स्वयंपाकघराचा उंबरठा ही खंड्याची सीमा होती आणि चार वर्षांत त्याने ती ओलांडली नाही. परंतु कुत्र्याला न शिवणे निराळे आणि त्याचा वाटा नाकारणे निराळे, हा विवेक जुन्या पिढीस होता. मामंजी हयात असताना वैश्वदेवानंतर श्याम आणि शबल या यमाच्या दोन कुत्र्यांच्या नावाने बली निघे. मामंजी गेल्यावर वैश्वदेव बंद झाला, तरी पहिल्या पोळीचा तुकडा बाजूस ठेवण्याची सासूबाईंची रीत चालूच राहिली. तो तुकडा आता शेजारच्या गल्लीत न जाता उंबरठ्याबाहेर बसलेल्या खंड्यास मिळू लागला.

एकत्र कुटुंबात अशा गोष्टीचा निर्णय एकट्यादुकट्याने होत नाही. एका रविवारी जेवणानंतर सर्वजण बसले. कुत्र्याच्या प्रवासाचा खर्च पाच लाख रुपयांच्या घरात जाईल, असा अंदाज आला होता. थोरल्या दिरांनी तो आकडा ऐकून चष्मा काढून ठेवला. एवढ्या पैशांत एखाद्या मुलाच्या कॉलेजची सोय होते, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु तेच रोज संध्याकाळी आईस महाभारत वाचून दाखवीत. तेव्हा युधिष्ठिराची आठवणही त्यांनाच झाली. इंद्र रथ घेऊन आला असता युधिष्ठिराने कुत्र्यास सोडून स्वर्गात येण्याचे नाकारले. कुत्रा बाळगणाऱ्यास स्वर्गात थारा नाही, त्याचे पुण्य क्रोधवश नावाचे देव हरण करतात, असा नियम इंद्राने सांगितला, तरी तो ढळला नाही. हे सांगून भाऊजी स्वतःच म्हणाले, "आता मी पैशाचं बोलू कसा?"

यावर थोरल्या जाऊबाई जे बोलल्या ते माझ्या मनात पुढे कित्येक महिने राहिले. त्या म्हणाल्या, "पण भावोजी, युधिष्ठिरानं कुत्र्याला ओढून नेलं नव्हतं. तो आपण होऊन मागं चालत होता. आपण खंड्याला विचारलंय का? दहा तास अंधारात पेटीत बसायचं, आणि उतरल्यावर थंडी. हे त्याच्यासाठी करताय की तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून?" हा प्रश्न त्यांनी यजमानांस विचारला होता, पण उत्तर कोणापाशीच नव्हते. मुधोळ हा कोरड्या, उष्ण मुलखातील प्राणी. त्याची कातडी पातळ, केस आखूड, अंगावर चरबी नाही. तो येथेच राहिला तर भाऊजी त्यास उपाशी ठेवणार नव्हते. चिरंजीव मात्र काही न बोलता उठून बाहेर खंड्यापाशी जाऊन बसले.

शेवटी सासूबाई बोलल्या. "तुम्ही गेलात म्हणजे आम्हांला फोन येईल. परत कधी येणार ते कळेल. त्याला कोण सांगणार? तो दाराशी बसून राहील आणि चार वर्षं वाट बघेल. मला ते बघवणार नाही. त्याला घेऊन जा." निर्णय झाला तो या शब्दांवर.

येथून पुढे कागदपत्रांचा अध्याय सुरू होतो. माणसास व्हिसा मिळण्यास काही आठवडे लागतात. कुत्र्यास आपल्या देशातून इंग्लंडात नेण्यास किमान चार-पाच महिने हाताशी असावे लागतात. नियमांचा क्रम ठरलेला असून त्यात उलटापालट चालत नाही. प्रथम कातडीखाली तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवितात. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. तिला स्वतःची वीज नसते; वाचकयंत्र जवळ आणले की त्याच्या लहरींनी ती क्षणभर जागी होते आणि क्रमांक सांगते. त्यानंतर रेबीजची लस. चिपपूर्वी टोचलेली लस हिशेबात धरीत नाहीत, कारण टोचला गेला तो हाच कुत्रा, याला मग पुरावा उरत नाही. लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावे लागते. लसीने रक्तात पुरेशी प्रतिकारद्रव्ये उत्पन्न झाली आहेत, म्हणजे त्यांचे प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एककांहून कमी नाही, असा निकाल यावा लागतो. आणि निकाल चांगला आला तरी रक्त काढल्या दिवसापासून पूर्ण तीन महिने थांबावेच लागते.

आम्ही ऑगस्टच्या आरंभी लस टोचविली, सप्टेंबरच्या मध्यास रक्त दिले आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत वाट पाहिली. यजमान सप्टेंबरातच पुढे गेले होते. हे तीन महिने कशासाठी, असा चिरंजीवांचा रोजचा प्रश्न असे. जनावरांच्या डॉक्टरांनी त्यास फार चांगल्या रीतीने समजावले. रेबीजचे विष शरीरात शिरल्यावर लगेच दिसत नाही. ते मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जाते, आणि या प्रवासास बहुधा दोन-तीन महिने लागतात. लस टोचण्यापूर्वीच जर कुत्र्यास बाधा झाली असेल, तर ती या मुदतीत बहुधा उघड होईल. रक्ताची परीक्षा लस लागू पडली की नाही ते सांगते. आधी काय घडून गेले होते, ते काळ सांगतो.

तरीही घरात कुरकूर होतीच. "माणसालासुद्धा एवढं विचारीत नाहीत," असे चिरंजीव एकदा म्हणाले. सासूबाई निवडणटिपण करीत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले आणि आपल्या लहानपणीची, कोकणातील एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी पूर्वी कधी सांगितली नव्हती. शेजारच्या घरचा सात-आठ वर्षांचा मुलगा पिसाळलेल्या कुत्र्याने चावला. त्या काळी बेंबीभोवती चौदा इंजेक्शने घ्यावी लागत आणि त्यासाठी तालुक्याच्या गावी जावे लागे. पावसाळ्यात तर उतारू नव्हती. चार-पाच खेपा झाल्या आणि पुढे राहिल्या. मुलगा बरा दिसत होता. दीड महिन्याने त्यास पाणी पाहून भीती वाटू लागली. "तांब्या समोर आणला की किंचाळायचा. घसा कोरडा, पाणी हवं असायचं, आणि पाण्याचंच भय. तीन दिवसांत गेला. त्या लोकांना भिऊ देत. भ्यावं असाच तो रोग आहे." त्यानंतर घरात कागदपत्रांविषयी कोणी तक्रार केली नाही.

या भयाचा इंग्लंडातील इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलास पहिली लस टोचली. लस आली म्हणून रोग नाहीसा झाला नाही. इंग्लंडने तो मुख्यत्वे दोन उपायांनी घालविला: कुत्र्यांच्या तोंडास जाळी बांधण्याची सक्ती, आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर निर्बंध व त्यांचे क्वारंटाईन. १८९७ साली हे हुकूम कडक झाले तेव्हा कुत्री पाळणाऱ्यांनी मोठा गहजब केला आणि शेतकी खात्याचे मंत्री वॉल्टर लाँग यांस शिव्याशाप दिले. पुणेकरांच्या मनात १८९७ हे साल प्लेगच्या घरझडतीचे आणि रँडच्या वधाचे म्हणून कोरले गेले आहे. जे राज्यकर्ते येथे लोकांच्या देवघरापर्यंत सोल्जर पाठवीत होते, त्यांच्याच देशात कुत्र्याच्या तोंडास जाळी बांधावी की नाही यावर वर्तमानपत्रांतून रण माजले होते, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. तिकडे हुकमाविरुद्ध भांडता येत होते, मंत्र्यास जाब विचारता येत होता. येथे ते शक्य नव्हते. असो. १९०२ साली ब्रिटन रेबीजमुक्त झाला. १९१८ साली महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांनी लपवून आणलेल्या कुत्र्यांबरोबर रोग पुन्हा शिरला आणि तो निपटण्यास १९२२ साल उजाडले. ही आठवण त्या देशाने सोडली नाही. पुढे कित्येक दशके बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यास सहा महिने बंदिवास भोगावा लागे. १९६८ साली एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन यांनी आपली कुत्री या कैदेत पडू नयेत म्हणून थेम्स नदीत एक नौका भाड्याने घेऊन त्यांस तिच्यावरच ठेवले होते. २००० साली काही देशांपुरता हा नियम सैल झाला. आपल्या देशातून येणाऱ्या कुत्र्यास मात्र २०१२ च्या आरंभापर्यंत सहा महिन्यांची कैद होतीच. आज तिच्या जागी रक्तपरीक्षा आणि तीन महिन्यांची घरच्या घरी प्रतीक्षा आली आहे. तेव्हा खंड्या त्या मानाने सुदैवीच म्हणावयाचा.

प्रतीक्षेचा काळ आम्ही पेटीच्या तयारीत घालविला. विमानातील पेटीविषयी सर्व विमान कंपन्या पाळतात असे नियम आहेत. कुत्र्यास आत ताठ उभे राहता आले पाहिजे, वळता आले पाहिजे आणि पाय पसरून निजता आले पाहिजे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि तीत पुढच्या पायाच्या उंचीच्या निम्मी मिळवावयाची, ही पेटीची लांबी. खांद्याच्या रुंदीची दुप्पट ही रुंदी. आणि उभ्या कुत्र्याच्या कानाच्या टोकापर्यंत ही उंची. तयार मिळणाऱ्या पेट्या खंड्याच्या लांब पायांस ठेंगण्या पडल्या, म्हणून सुताराकडून लाकडी करविली. चारही बाजूंस हवेसाठी भोके आणि बाहेरून भरता येईल अशी पाण्याची वाटी. ही पेटी प्रवासाच्या आधी तीन महिने ओसरीवर दार उघडे ठेवून मांडली होती. प्रथम तिच्याजवळ जेवण, मग आत जेवण, मग आत झोप, मग थोडा वेळ दार लावून, अशा क्रमाने सवय लावली. डिसेंबरात खंड्या दुपारी आपण होऊनच तिच्यात जाऊन निजू लागला. कुत्र्यास गुंगीचे औषध देऊन पाठवावे असे पुष्कळांस वाटते. डॉक्टरांनी त्याची सक्त मनाई केली. गुंगीत रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, तोल सावरता येत नाही, आणि आकाशात त्यास पाहण्यास कोणी नसते. सवय हेच औषध.

निघण्याच्या आठवड्यात सासूबाईंनी आपल्या दोन जुन्या नऊवारी पातळांची एक लहान गोधडी शिवली. ती पेटीच्या मापाची होती. कोणी काही विचारले नाही आणि त्यांनीही काही सांगितले नाही.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही निघालो. शेवटच्या दिवसांतील कामे घड्याळ लावून करावयाची असतात. सरकारी पशुवैद्याचा आरोग्याचा दाखला पोहोचण्याच्या आधीच्या दहा दिवसांतलाच लागतो. फितकृमीवरील गोळी इंग्लंडात उतरण्यापूर्वी चोवीस तासांहून कमी नाही आणि एकशेवीस तासांहून अधिक नाही, अशा अवधीत डॉक्टरांनी स्वतः देऊन वेळेसह नोंद करावी लागते. मुंबईस पशु-क्वारंटाईनच्या सरकारी कचेरीत कुत्रा दाखवून देशाबाहेर नेण्याची परवानगी घ्यावी लागते. इंग्लंडात जाणारा कुत्रा प्रवाशाबरोबर सामान म्हणूनही जाऊ शकत नाही. तो स्वतंत्र पावतीवर माल म्हणूनच जातो. त्याच्यावर जकात पडू नये यासाठी जो अर्ज करावा लागतो, त्यात त्याचे नाव बिऱ्हाडाच्या सामानाबरोबर येते. टेबल, खुर्च्या, पुस्तके, कुत्रा एक. चिरंजीवांस हे फार लागले. "खंड्या सामान आहे का?" असे त्याने विचारले तेव्हा मी त्यास एवढेच म्हटले, की कायद्याच्या वहीत रकाने थोडे असतात.

मुंबईच्या विमानतळावर प्रवाशांची इमारत निराळी आणि मालाची निराळी. मध्यरात्रीच्या सुमारास खंड्याच्या पेटीचे वजन झाले, तिची क्ष-किरणांनी तपासणी झाली, तीवर जिवंत प्राणी असल्याच्या हिरव्या चिठ्ठ्या लागल्या. तो भुंकला नाही. गोधडीवर हनुवटी टेकून आमच्याकडे पाहत राहिला. जाऊबाईंचा प्रश्न मला त्या क्षणी जसा टोचला तसा पूर्वी कधी टोचला नव्हता. विमानात जनावरे ठेवण्याच्या कप्प्यात हवेचा दाब प्रवाशांच्या कक्षाइतकाच असतो, ऊब राखलेली असते, आणि आत जिवंत प्राणी असल्याची लेखी सूचना कप्तानास दिलेली असते. हे सर्व मला ठाऊक होते. तरी दहा तासांच्या त्या प्रवासात माझा डोळा लागला नाही.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर जनावरांचे एक स्वागतकेंद्र आहे. लंडन शहराचे नगरमंडळ ते चालविते. घोडे, सरडे, मासे, पक्षी आणि घरोघरची कुत्री-मांजरे तेथे उतरतात. आम्ही आपल्या तपासणीतून मोकळे होऊन तेथे गेलो आणि चार तास बाकावर बसलो. आत खंड्याची चिप वाचली जात होती आणि कागदांवरचा प्रत्येक क्रमांक तिच्याशी ताडून पाहिला जात होता. एका आकड्याची चूक निघाली तरी कुत्र्यास क्वारंटाईनमध्ये पाठवितात. शेवटी एक बाई त्याला साखळीस धरून बाहेर घेऊन आल्या. खंड्याने प्रथम चिरंजीवांचे हात हुंगले, मग माझे, आणि मग एक मोठी जांभई देऊन तो बाहेरच्या थंडीकडे संशयाने पाहू लागला. हवा चार अंशांवर होती.

आमचे बिऱ्हाड थेम्सकाठच्या किंग्स्टन गावात आहे. दहाव्या शतकात सॅक्सन राजांचे राज्याभिषेक येथे झाले, असे म्हणतात, आणि त्या स्मरणार्थ एक मोठा दगड लोखंडी कठड्यात जपून ठेवला आहे. घर मिळणे सोपे गेले नाही. मोठा कुत्रा म्हटल्यावर सहा घरमालकांनी नकार दिला. सातव्याने जुन्या डॉक्टरांचे शिफारसपत्र मागितले, माणसांचे नव्हे, खंड्याचे. ते पुण्याहून आले आणि घर मिळाले.

या देशात कुत्र्याच्या स्थानाचा अनुभव घेतल्यावर प्रथम आपण चकित होतो. आगगाडीत प्रत्येक प्रवाशास दोन कुत्री विनातिकीट नेता येतात. पुष्कळशा खाणावळींत त्यांच्यासाठी पाण्याचे भांडे ठेवलेले असते. रस्त्यात भेटणारी माणसे प्रथम कुत्र्याची विचारपूस करतात आणि मग हवेविषयी बोलतात. आमच्या गल्लीत खंड्याचे नाव सर्वांस ठाऊक आहे. आमचे बहुतेकांस नाही. परंतु या कौतुकाची दुसरी बाजू थोड्या दिवसांत कळते. कुत्रा रस्त्यावर आला की त्याच्या गळपट्ट्यावर धन्याचे नाव व पत्ता असलाच पाहिजे, असा १९९२ चा हुकूम आहे. २०१६ पासून इंग्लंडात प्रत्येक कुत्र्याची चिप व तिची नोंद सक्तीची आहे. त्याने केलेली घाण उचलली नाही तर दंड. त्याने कोणास भय वाटेल असे वर्तन केले तर खटला. मेंढ्यांच्या मागे लागला तर १९५३ च्या कायद्याने धनी गुन्हेगार ठरतो, आणि दुसरा उपाय नसल्यास मेंढपाळाने त्या कुत्र्यावर गोळी झाडली तरी कायदा त्यास दोष देत नाही. मुधोळसारख्या पळणाऱ्या वस्तूमागे धावण्यासाठीच जन्मलेल्या कुत्र्यास हा नियम फार जवळून लागू होतो.

आमच्या घरापासून रिचमंड पार्क जवळ आहे. सुमारे अडीच हजार एकरांचे हे रान पहिल्या चार्ल्स राजाने शिकारीसाठी राखले आणि १६३७ साली त्याभोवती भिंत घातली. आजही तेथे सहाशेंवर हरणे मोकळी चरतात. प्रथम गेलो तेव्हा पलीकडच्या चढावर हरणांचा कळप उभा होता. खंड्याचे अंग ताठ झाले, कान मागे गेले, आणि साखळीतून त्याच्या छातीची थरथर माझ्या हातास कळली. शेकडो वर्षे ज्या कामासाठी त्याच्या पूर्वजांस वाढविले, ते काम समोर उभे होते. शिकारीसाठी राखलेल्या रानात शिकारीचा कुत्रा साखळीने बांधलेला, असा तो देखावा होता. तो पुष्कळ वेळ पाहत राहिला आणि मग वळून आमच्याबरोबर चालू लागला. तेथून पुढे मी साखळी सैल सोडली नाही. त्याच्या मनसोक्त धावण्यासाठी आता आम्ही तासाच्या भाड्याने मिळणारे एक कुंपण घातलेले शेत घेतो. पुण्यास तो टेकडीवर विनामूल्य धावत असे.

तेव्हा येथील कुत्रा सुखी आणि तेथील दुःखी, अशी सरळ वाटणी करणे मला जमत नाही. पहिले तीन आठवडे खंड्या नीट जेवला नाही. पुण्याच्या घराचे दार दिवसभर उघडे असे. भाजीवाला, पेपरवाला, मामंजींचे जुने स्नेही, शाळेतून येणारी पोरे, कोणी ना कोणी येत असे, आणि प्रत्येकाची दखल घेणे हा त्याचा उद्योग होता. येथे दारे बंद. तो खिडकीशी बसून पावसाकडे पाहतो. लोकरीचा अंगरखा घालून बाहेर निघताना त्याची मुद्रा एखाद्या अपमानित सरदारासारखी असते. उन्हाळ्यात मात्र तो निराळाच कुत्रा होतो. जाऊबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मी अजूनही पुरतेपणी देऊ शकत नाही. एवढे सांगू शकते, की संध्याकाळी चिरंजीव शाळेतून येण्याच्या वेळी तो दाराशी जाऊन उभा राहतो, आणि दार रोज उघडते.

या सर्व प्रकरणातून जो विचार मनात ठसला तो असा. इंग्लंडात कुत्र्यास जी मोकळीक आहे, तिची किंमत कुत्रा देत नाही, धनी देतो. नोंद, लस, साखळी, पिशवी, दंड हे सगळे नियम दोन पायांच्या प्राण्यासाठी आहेत. ते पाळले जातात म्हणून आगगाडीतील शेजारी कुत्रा पाहून पाय जवळ घेत नाही. आपल्याकडे कुत्र्यावर दया पुष्कळ आहे. गल्लीतल्या कुत्र्यास पोळी घालणारी माणसे प्रत्येक आळीत सापडतील. परंतु त्यास लस टोचण्याची जबाबदारी आपली, असे पोळी घालणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस वाटते. जगात रेबीजने जी माणसे मरतात, त्यांतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक एकट्या आपल्या देशातील असतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. एखाद्या भागातील सत्तर टक्के कुत्र्यांस लस टोचली तर त्यांच्यातील रोगाची साखळी तुटते, असे तीच संघटना सांगते. हे आपल्याकडे होणार नाही असेही नाही. गोव्याने नेटाने गावोगावी कुत्र्यांस लशी टोचल्या आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. दया आणि शिस्त यांची गाठ घालता आली तर सासूबाईंच्या शेजारचा तो मुलगा पुढे कोणाच्या घरी जाणार नाही.

ज्या कुटुंबांस आपला कुत्रा परदेशी न्यावयाचा आहे, त्यांनी तिकिटे काढण्यापूर्वी सहा महिने कॅलेंडर घेऊन बसावे. आपण जाणार त्या देशाचे नियम मुळातून वाचावे, कारण ते देशपरत्वे फार निराळे असतात. ऑस्ट्रेलियात आपल्या देशातून कुत्रा थेट नेताच येत नाही; त्यास आधी त्यांनी मान्य केलेल्या दुसऱ्या देशात राहावे लागते. चपट्या नाकाच्या कुत्र्यांस श्वासाचा धोका असल्याने अनेक विमान कंपन्या घेत नाहीत. म्हातारा किंवा आजारी कुत्रा असेल, तर त्यास प्रेमाने येथेच ठेवणे हाही धर्मच आहे, त्यात कमीपणा मानू नये. आणि न्यावयाचाच असेल, तर परत आणण्याचाही विचार त्याच दिवशी करावा. निदान दोन वर्षे परदेशी राहून बिऱ्हाड हलविणाऱ्यास दोन पाळीव जनावरे बरोबर आणता येतात. मात्र त्यासाठीही दाखला आणि परवानगी लागते, आणि रेबीजची लस एकही मुदत न चुकविता चालू ठेवावी लागते.

आमचा करार २०२७ साली संपेल, तेव्हा खंड्या आठ वर्षांचा झालेला असेल. सासूबाईंचे वय मी येथे लिहीत नाही. दर रविवारी त्या फोनच्या पडद्यावर दिसतात. नातवाची चौकशी करतात, थंडीची करतात, मग खंड्यास पडद्यासमोर आणावयास सांगतात आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहतात. पुण्याच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय टांगलेले आहे. त्यात चतुर्थी आणि एकादशीच्या बरोबरीने खंड्याच्या लशीची तारीख त्यांनी तांबड्या शाईने नोंदवून ठेवली आहे. ती जवळ आली म्हणजे आधीच्या रविवारी त्या आठवण करतात. "अगं, लस चुकवू नकोस हो. परत यायचंय त्याला."